खुंटीवरचा उष्टा नान

३ ऑक्टोबर १९९७, शुक्रवार. काराबुलोक

या वहीचं पहिलं पान मला पिवळ्या पडलेल्या पॉप्लरच्या झाडांवर लिहायचं होतं. ते जर्दाळूच्या एका बीवर लिहावं लागतंय, आणि याची संपूर्ण जबाबदारी मी त्या बीवर टाकतो.

हकीकत अशी. ताश्कंदहून निघालेल्या बसमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारा येऊन बसला. त्याच्या भुवया पिठासारख्या पांढऱ्या होत्या. त्यानं न विचारता माझ्या मांडीवर ओंजळभर बिया ओतल्या. मीठ लावून राखेत भाजलेल्या, टोकाशी फुटून हसणाऱ्या. पहिल्या नऊ बिया सज्जन निघाल्या. दहावीनं तोंड उघडलेलं नव्हतं. मी मात्र उघडलं होतं. वरच्या समोरच्या डाव्या दाताचा कोपरा तिरका तुटून तळहातावर आला. बेचाळीस वर्षं सेवेत असलेला दात! पक्ष गेला, देश गेला, हा टिकला होता. त्याचा अंत एका फुकटच्या बीमुळे व्हावा, ही गोष्ट इतिहासाच्या कुठल्याही नियमात बसत नाही.

म्हातारा माझ्या तोंडात डोकावून म्हणाला, अरेरे डोम्ला, ती तुमच्याच वाट्याची होती बघा, माझ्या हाताला दोनदा लागली नि दोनदा निसटली. मी म्हटलं, वाटाबिटा काही नाही, तुमचा हलगर्जीपणा आहे. त्यावर तो असा खूश झाला, जणू मी त्याची स्तुती केली. मी मास्तर आहे हे त्याला कुणी सांगितलं, ते विचारायचं राहून गेलं. चेहऱ्यावरून कळत असावं. वीस वर्षं लोकांना समजावण्यात घालवली की माणूस फळ्यासारखा दिसू लागतो.

तो दात सोडला तर आगमन झकास झालं. मी वीस वर्षं शास्त्रीय निरीश्वरवाद शिकवला. देवाला नाहीसं करायला आम्हाला सत्तर वर्षं पुरली नाहीत, आमचा विभाग मात्र एका परिपत्रकानं नाहीसा झाला. इथल्या कॉलेजला तत्त्वज्ञानाचा मास्तर हवा होता, कारण आधीचे सफर डोम्ला सत्राच्या मध्येच सोडून गेले. प्राचार्यांनी माझं नाव वहीत ‘किलिचेव नोसिर’ असं चढवलं आणि राहायला खोसियत आपाकडे पाठवलं.

घर जुन्या विटांचं, पत्र्याचं, ओसरीवर द्राक्षाचा वेल. आपा साठीची, विधवा, समोरचे चार दात सोन्याचे. तिनं खरबूज कापलं, चहा ओतला. ओसरीच्या भिंतीवर दोन खुंट्या आहेत. एक रिकामी, दुसरीला दोरीनं टांगलेला एक वाळका नान, एक घास चावलेला. मुलगा सैन्यात गेला असेल आणि जाताना चावून गेला असेल, असं समजून मी तिला माझी गंमत सांगितली. निघताना माझी लेक गुलचेहरा नान घेऊन दारात उभी होती. बापाला ती दादाच म्हणते. दादा, एक घास चावा, म्हणजे उरलेला खायला परत याल. मी चावला नाही. म्हटलं, मी परत येईन ते मला यायचंय म्हणून, पिठाच्या गोळ्यानं बोलावलं म्हणून नाही. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. सातवा महिना आहे तिला, जावई रशियात कामाला. पाळण्याच्या समारंभाला येणार, असा शब्द देऊन निघालो.

आपाचा चहा ओतणारा हात थांबला. अजिबात नाही चावला, असं तिनं दोनदा विचारलं. मग मी खाल्लेली खरबुजाची फोड उचलून तिनं उजेडात फिरवून पाहिली. डॉक्टर क्ष-किरणांचा फोटो पाहतात तशी. स्वच्छतेची फार आवड दिसते.

५ ऑक्टोबर, रविवार

बसमधला म्हातारा शेजारीच राहतो! तुराब बोबो. गावाचा नानवाला, तंदूर बापाच्या वेळेपासूनचा. सकाळी गरम नान घेऊन कुंपणावरून डोकावला आणि म्हणाला, काय डोम्ला, दात कसा आहे? मी म्हटलं, दात ताश्कंदच्या रस्त्यावर आहे, उरलेला बरा आहे.

दुपारी आम्ही तिघं वेलाखाली बसलो. बोबोचं म्हणणं असं, की माणूस म्हणजे कालव्याचं पाणी. आपण आपल्या मर्जीनं वळलो असं पाण्याला वाटतं, पण दुसऱ्या पाटाच्या तोंडाची फळी कुणीतरी आधीच पाडलेली असते. मी म्हटलं, बोबो, पाण्याला फळी दिसत नाही, मला दिसते. आणि मी ती उचलतो. त्यावर आपा म्हणाली, उचला की, कुणी धरलंय? हे ती इतक्या गोड आवाजात म्हणाली, की वादात जिंकल्यासारखं वाटायच्या ऐवजी मला दाराकडे पाहावंसं वाटलं.

मग त्या नानाची गोष्ट निघाली. मुलाबिलाचा नाही तो. आपाला मूलबाळच नाही. बोबोनं सांगितलं ते असं: काही वर्षांनी एकदा त्यांच्या तंदूरमधून एक नान चावलेलाच बाहेर येतो. कच्चा लावताना अख्खा, भाजून काढताना एक घास नाही. तो विकायचा नसतो. तो या घरात टांगायचा, जो धनी असेल तो येऊन खातो. मी विचारलं, उंदीर नक्कीच नाही ना? आगीत जाणारा उंदीर असेल तर त्याला मुलाखतीला बोलवा, म्हणाला. हा खुंटीवरचा त्याच्या बापानं १९४८ साली काढला. तेव्हा बोबो पंधरा वर्षांचा होता, शेजारी उभा होता.

मी चहा संपवला. १९४८ हे माझं जन्मसाल आहे, हे मी सांगितलं नाही. त्या साली देशात लाखो पोरं जन्मली असतील. असो.

८ ऑक्टोबर, बुधवार

पहिला तास. विषय ‘अनिवार्यता आणि स्वातंत्र्य’. बोबोचं पाणी आणि फळी मी त्याच्या परवानगीशिवाय वर्गात वापरली. मागच्या बाकावरची एक कापूस वेचून काळ्या झालेल्या बोटांची मुलगी उठून म्हणाली, डोम्ला, पाण्याची फळी मिरॉब उघडतो हे कळलं, आमच्या वाडीचा मिरॉब माझा काकाच आहे. पण तुमच्या आतली फळी कोण उघडतो? तुम्हीच, तर तुम्हाला ती उघडावीशी का वाटली? वर्ग हसला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घंटा झाली. घंटेचे उपकार.

शिक्षकांच्या खोलीत सफर डोम्लांचं कपाट मला मिळालं. त्यात एक टिपणवही आहे. ते कुठे गेले असं विचारलं, तर सगळ्यांनी चहाकडे पाहिलं. गणिताचा मास्तर म्हणाला, इथला वाटा संपला त्यांचा. कुणी बदलीबद्दल असं बोलतं का?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज दुपारी आपा बाजारात गेली असताना कोठीत साखर शोधत होतो. (साखर हवीच होती. हे मी स्वतःलाही बजावतो.) फडताळावर दोऱ्यात ओवलेल्या खरबुजाच्या वाळक्या साली सापडल्या. प्रत्येकीला चिठ्ठी. पशुवैद्य, १९७१. वीजवाला, १९८०. सफर डोम्ला, १९९५. प्रत्येक सालीवर दातांच्या खुणा. आणि वेगळ्या, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली एक ताजी. तिच्यावर चिठ्ठी नाही. तिच्यावरच्या खुणांमध्ये एक दात तिरका.

ही बाई भाडेकरूंचे दात तपासते!

मी स्टूल घेतलं, ओसरीवर गेलो आणि ती फोड खुंटीवरच्या नानाशी लावून पाहिली. चार दातांची कमान तंतोतंत. आणि जिथे माझा दात तुटला आहे, तिथे नानाच्या कडेला एक छोटी तिरकी जीभ तशीच उभी आहे, न चावली गेलेली.

शांतपणे विचार करू. वीस वर्षं हाच धंदा केला आहे: चमत्कार उलगडणे. शक्यता पहिली, नान नवा आहे, मी आल्यावर बनवला. पण तो दगडासारखा आहे, नखानं ओरखडा उठत नाही, दोरीच्या खाचेत वर्षांची काजळी. मधोमध ठशाची नक्षी आहे, नऊ पाकळ्यांची. बोबोचा ठसा सात पाकळ्यांचा आहे, मी रोज खातो. शक्यता दुसरी, नान जुनाच आहे, पण त्याच्यावरची खूण कुणी कोरून माझ्यासारखी केली. कडा तपासल्या. आतला भाग बाहेरच्याइतकाच काळपट, ताजा काप कुठेच नाही. शक्यता तिसरी: नान जुना, खूण जुनी, आणि दात नवा. म्हणजे नानाला माझ्यासारखं केलेलं नाही. मला नानासारखं केलं आहे. बसमध्ये. त्या बीनं.

तिसरी शक्यता पटते, कारण तिच्यात बदमाश माणसं आहेत. बदमाश माणसं मला समजतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आपाला सरळ विचारलं. नाकारलंही नाही तिनं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, हो, बघते मी साली, धनी कोण ते कळायला नको? तुमची पाहिली आणि लगेच स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवली. चाळीस वर्षं झाली या घरात येऊन, त्या नानाला रोज सलाम करते.

मी विचारलं, आणि खाल्ल्यावर काय होतं? ती म्हणाली, काय होणार, ज्याचा वाटा त्यानं खाल्ला. मग? मग वाटा संपतो, डोम्ला. माणसाचा इथला दाणा संपला की तो थांबून काय करेल?

मी म्हटलं, नाही खाल्ला तर? ती म्हणाली, नका खाऊ, जबरदस्ती कुठेय. सफर डोम्लांनीही नाही खाल्ला. त्या रिकाम्या खुंटीवर त्यांचा होता. घाबरून पळाले सकाळच्या बसनं, ट्रंक इथेच राहिली. पंधरा दिवसांनी मुलगा आला ट्रंक न्यायला. चांगलं उंचपुरं पोरगं. भूक लागली होती त्याला, मी शोरवा आणेपर्यंत त्यानं खुंटीवरचा काढून पाण्यात बुडवून खाल्ला सुद्धा. धन्यानं नाही खाल्ला की वाटा त्याच्या रक्ताकडे जातो, आम्ही तरी काय करणार? या ओसरीवरच टेकला तो. झोप लागल्यासारखा. सफर डोम्ला मग पोराच्या मातीला आले, तेवढेच.

आणि तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सोडून चाललो. कारण सांगायला मी कुणाला बांधील नाही. सामान बांधलं. आपानं प्रवासाला मांस भरलेले सोम्से दिले, बोबोनं कुंपणावरून पांढरा मार्ग, म्हणजे सुखाचा प्रवास, चिंतला. अडवलं कुणीच नाही. संशय येण्याजोगी गोष्ट हीच.

परत आलो. तिकिटाच्या खिडकीपाशी लक्षात आलं की चष्मा खोलीत राहिला. चष्म्याशिवाय मी ताश्कंदमध्ये काय करणार? अगदी योग्य निर्णय. तोवर बस गेली.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल पुन्हा गेलो. खिंडीत पाऊस, ड्रायव्हर दारूच्या वासाचा. मी स्वतःहून उतरलो. शहाण्या माणसानं हेच केलं असतं. आज पुन्हा. सोमवारी निरीक्षक येणार, असा प्राचार्यांनी निरोप पाठवला. पेन्शनच्या कागदांवर त्यांची सही लागते, म्हणून थांबलो.

तिन्ही वेळा कारण माझं होतं. तिन्ही वेळा मी ठरवलं. मला कुणी हात लावला नाही.

आत्ता सफर डोम्लांची टिपणवही चाळली. शेवटच्या पानावर, समासात, एकाखाली एक:

चष्मा.
पाऊस.
निरीक्षक.

त्याखाली चौथी ओळ: आता कारणांची वाट पाहणार नाही. त्या सकाळी ते पळाले. आणि मग पोरगा आला.

मी पळालो तर —

२२ ऑक्टोबर, बुधवार

सोपा उपाय इतके दिवस सुचला कसा नाही! नानच नको. नान नाही तर वाटा नाही, ना माझा, ना रक्ताचा. आपा शेजारी गेली होती. खुंटीवरून काढला, कोटात घातला, कालव्यावर गेलो. भर दुपार, कापसाच्या गाड्या जात होत्या. हात वर केला.

टाकता आला नाही.

वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की नान म्हणजे पीठ, पाणी आणि मीठ. आणि माझा हात वरच राहिला. चार वर्षांचा असताना हातून नानाचा तुकडा पडला होता. आईनं तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि मला एक ठेवून दिली होती. पाण्यात टाकायचा? चिखलात? पायाखाली येईल तिथे? हात खाली आला तो ओठांशीच आला. मी त्या नानाचा मुका घेतला. कपाळाला लावला. एका गाडीवाल्यानं मला पाहून छातीवर हात ठेवला, भला माणूस समजून.

घरी आणून त्याच खुंटीला टांगला. खाली कसा ठेवणार?

फळी कोण उघडतो, असं त्या मुलीनं विचारलं होतं. आई. चाळीस वर्षांपूर्वी मेलेली माझी आई.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बोबो सोमवारपासून दिसत नव्हता. काल उगवला. समरकंदला भावाकडे होतो, म्हणाला.

आज पोस्टातून ताश्कंदला फोन लावला. गुलचेहरा आली लाइनीवर. आवाजात हसू. दादा, किती दिवस फोन नाही, मी काळजीनं अर्धी झाले. मी विचारलं, दारात धरला होतास तो नान कुठे आहे? शेजारच्या मावशीला दिला की, चावलाच नव्हता तुम्ही, ठेवून काय करू? मी म्हटलं, बरं केलंस. दुसरं काय म्हणणार. एक घास चावला असता तर तिकडेही काहीतरी मला ओढत असतं. मर्जीनं नाही चावला. पूर्ण मर्जीनं.

मग ती म्हणाली, दादा, हसू नका हं. पोचल्यावर फोनवर तुम्ही दाताचं सांगितलंत ना, तसंच झालं माझं. मंगळवारी बाजारात एका म्हाताऱ्यानं ओंजळभर बिया दिल्या, पोटुशी आहेस, खा म्हणाला. एक फुटली नव्हती. समोरच्या दाताचा कोपरा गेला.

मी विचारलं, कुठला. तिला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं.

डावा, म्हणाली. वरचा. असा तिरका.

आणि हो दादा, मी रविवारी येते आहे. सकाळी आठची बस. तुम्हाला घेऊनच जाणार, तुमचा आवाज मला आवडत नाहीये —

लाइन गेली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी तार केली. येऊ नकोस, मी निघतो. पोस्टातली बाई म्हणाली, शनिवारची तार सोमवारी पोचते. फोन तीनदा लावला. वाजत राहिला. खरेदीला गेली असेल. पोर माझ्यावर गेली आहे, ठरवलं की ठरवलं.

बोबोला कुंपणाशी धरलं. मंगळवारी तू ताश्कंदच्या बाजारात होतास. तो म्हणाला, समरकंदला होतो. खोटं! तो म्हणाला, बरं, खोटं. समज होतो ताश्कंदला. बी मी दिली असेन, पोरा, पण चावायची तिनं ठरवली ना? तूही ठरवलीस. माझ्या हातानं काय होतं.

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बदमाशाच्या डोळ्यांत इतकं पाणी असतं का? की तो खरंच समरकंदला —

माझ्यासाठी आता दोन्ही सारखंच. कुणी लिहिलेलं असो की कुणी रचलेलं. दात तिचाही तुटला आहे.

अंगणात आपा एक जास्तीची रजई उन्हात घालत होती. मऊ, कापूस नव्यानं भरलेली. मी विचारलं कुणासाठी. अवघडलेल्या बाईला खाली कठीण नको ना, म्हणाली.

गुलचेहरा येणार हे मी घरी कुणालाच सांगितलेलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळ. साडेनऊ.

बस निघाली असेल. आठला. दोन वाजता इथे. भुकेली असेल — नेहमी असते — आता तर दोघांची भूक.

तिला वाटेतून परत फिरवता येईल? विचार केला. खिंडीपर्यंत जाऊन उभं राहावं. मग चष्मा. पाऊस. निरीक्षक. माझ्या कारणांवर माझा भरवसा उरलेला नाही.

नान उतरवला आहे. चहात भिजत ठेवला. दगड होता — मऊ पडतोय.

नोंद असावी: आपा अंगणात आहे, पाठमोरी, कपडे वाळत घालते. बोबोचं दार बंद. मला कुणी खा म्हटलेलं नाही. कुणी पाहतही नाही. मी खाऊ शकतो, नाही खाऊ शकत. दोन्ही फळ्या माझ्या हातात. पहिल्यांदाच इतक्या स्पष्ट दिसताहेत. मी ठरवतो.

(हेच लिहिलेलं असेल तर? असेना. माझ्या अक्षरात लिहितोय मी आत्ता.)

दहा.

पहिला घास. जुना नाही. आश्चर्य — गरम लागतो. आत्ताच तंदूरमधून —

आईच्या हाताची चव आहे. नाही. माझ्या स्वतःच्या भुकेची.

अर्धा झाला. उजेड छान आहे. वेलाची पानं — पॉप्लरबद्दल लिहायचं राहिलंच. पिवळे आहेत. फार.

हात जड. अक्षर —

सव्वादहा. नऊ पाकळ्या खाल्ल्या, मोजून. वाटा मी मागितला नव्हता, तरी माझाच होता. फेडतोय. कुणाला कळायची गरज नाही. तिला तर नाहीच. आपाला सांगितलं, आली की गरम शोरवा द्या, खुंटीकडे पाहू देऊ नका. आपा म्हणाली, बरं बेटा. पहिल्यांदाच बेटा म्हणाली.

आता कडेची ती तिरकी जीभ तेवढी उरली. न चावलेली. माझ्या तुटलेल्या कोपऱ्याएवढी. एक घास.

मीठ. राख. जर्दाळू —

गुलचेहरा, मी परत येणार होतो, ते मला यायचं होतं म्ह—